तीन पायांचा मोर

घरातल्या समया गेल्या, हंडे गेले, देव्हाऱ्यातली पितळी घंटासुद्धा गेली; पण भोकाभोकाचं ते गाडगं मात्र जिथल्या तिथं होतं. उतरंडीमागच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, रुसून बसल्यासारखं.

लूटमारीच्या भीतीनं गाव सोडून, पैनगंगेच्या पल्याड, रिसोडच्या बाजूला, पाहुण्यांच्या गोठ्यात उन्हाळा आणि पावसाळा काढून सारं घर दसऱ्यानंतर गोरेगावात परतलं. त्या दिवशी बाकीचे काय काय गेलं याची रड करत होते, तेव्हा सखुबाईनं कोपऱ्यात हात घालून गाडग्याचा काठ चाचपला होता. एका जागी टवका उडालेला होता. तो जुनाच.

"चोरालाबी अक्कल असती, बाई," धाकटी जाऊ पंचफुलाबाई म्हणाली होती. "ज्यात पानी ऱ्हात न्हाई, पीठ ऱ्हात न्हाई, असलं गाडगं कोन डोक्यावर घिऊन जाईल?"

"उजेड ऱ्हातो त्यात," सखुबाई म्हणाली.

पंचफुलाबाई एरवी शब्द खाली पडू देणारी नव्हती, पण त्या दिवशी तिनं केरसुणी उचलली आणि अंगण गाठलं. त्या गाडग्याचा विषय या घरात दहा वर्षं कोणी काढलेला नव्हता.

ते गाडगं उत्तमरावाचं. म्हणजे सखुबाईच्या नवऱ्याचं. लग्न नवं होतं तेव्हा तो एक दिवस देवला कुंभाराच्या अंगणात जाऊन बसला, कच्चं गाडगं मांडीवर घेतलं आणि बाभळीच्या काट्यानं टोचत राहिला. देवला ओरडत होता, "मालक, फुटंल ते!" फुटलं नाही. भट्टीतून भाजून आलं तेव्हा त्यानं माजघरात पणती लावली, तिच्यावर गाडगं पालथं घातलं, आणि चारी भिंतींवर उजेडाचे ठिपके सांडले. त्या ठिपक्यांत एक झाड होतं, दोन नाग होते, एक मोर होता. मोराला पाय मात्र तीन होते. गाडगं फिरवत फिरवत टोचताना सुरुवात कुठं केली होती हेच तो विसरला होता.

"एक पाय कमी असन्यापरीस जास्ती असलेला बरा," तो म्हणाला, आणि सासरी आल्यापासून सखुबाई पहिल्यांदा मोठ्यानं हसली. आतून सासूचा खोकला ऐकू आला, तशी दोघंही गप्प झाली. पण वाऱ्यानं ज्योत हलत होती आणि मोर भिंतीवरून चालत होता. तो काही केल्या थांबेना.

उजेडाचं त्याला वेडच होतं. एरंडाच्या बिया सोलून खराट्याच्या हिराच्या काडीत ओवायच्या आणि काडी पेटवायची, की एक एक बी जळत खाली येते. कडू भोपळा वाळवून पोखरायचा, त्याला झरोके पाडायचे. असले उद्योग तो सणावाराला करत असे. मग एका नागदिवाळीला त्यानं ते गाडगं बांबूला बांधून कडब्याच्या गंजीवर उभं केलं. सेनगावच्या बाजारातून परतणाऱ्या लोकांना वळणावरूनच आपलं घर दिसावं, एवढीच हौस. दिसलं, सगळ्यांनाच दिसलं. वारा सुटला, बांबू कलला, आणि वर्षाचा कडबा घटकाभरात जळून गेला. उकंडरावांनी, थोरल्या भावानं, गावासमोर अंगणात त्याच्या तोंडात मारली. उत्तमराव वळला. खांद्यावर घोंगडं टाकलं आणि चालायला लागला. ताटातला त्याच्या नावाचा दिवा तसाच राहिला.

त्या दिव्याचं असं, की मार्गशीर्षातल्या पंचमीला, नागदिवाळीला, या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावानं कणकेचा एक एक दिवा करतात. थोरली सून नाव घेत घेत दिवा वळते, वाफवते, आणि दिवेलागणीला नागोबासमोर मांडून लावते. ज्योत निवाली की ज्याचा दिवा त्यानं तो तूप-गुळाशी खायचा. कुणी परगावी असला तर त्याचा दिवा त्याच्या बायकोनं खायचा. दहा वर्षं सखुबाई नवऱ्याचा दिवा खात आली होती.

यंदा दिवाळी नुसतीच येऊन गेली होती. दारांना फळ्या नव्हत्या, भिंतींना ओल होती, आणि फौजेनं येऊन लुटारूंचा बंदोबस्त केला तरी माणसांच्या मनातली भीती अजून उतरली नव्हती. म्हणून उकंडराव ओसरीवरून म्हणाले होते, "नागदिवाळी तरी नीट करा. घर घरासारखं दिसू द्या एकदाचं." ते त्यांनी आपल्या बायकोला, द्वारकाबाईला सांगितलं. पण दाराआडून सखुबाईनं ऐकलं आणि पदर खोचला.

आदल्या दिवसापासून ती आणि उकंडरावांची सून नीलाबाई माजघराच्या मागं लागल्या होत्या. भिंती सारवायला गावाबाहेरच्या पांढरीतून पांढरी माती आणली, चाळली, भिजवली.

"काकू, किती पातळ करू?" नीलानं विचारलं. तिचं लेकरू खांबाच्या झोळीत झोपलं होतं. रिसोडकडं, गोठ्यात जन्मलेलं लेकरू ते.

"ताकावानी. बोट बुडवून वर काढलं तर नख दिसलं पायजे."

"आन् कोनाड्याला?"

"कोनाड्याला दोनदा हात मार. काळा कोनाडा उजेड गिळून बसतो. पांढरा कोनाडा पन्तीपाशी काय ठेवून घेत न्हाई, समदा बाहेर देतो."

नीला हसली. "कोन्या कोन्या मानसावानी."

भिंतीच्या पायाशी गेरूचा पट्टा ओढला. त्यावर तांदळाच्या पिठाची बोटं उठवली. पणत्या चारच उरल्या होत्या, म्हणून सखुबाईनं गाठोडं सोडून शिंपले काढले. परतताना पैनगंगेच्या उतारावर गाडी थांबली होती, तेव्हा तिनं ते ओच्यात भरून घेतले होते. धाकटा दीर तातेराव तेव्हा म्हणाला होता, "लोक दागदागिने सांभाळून आनून राहिले, आन् आमच्या वहिनी शिंपले!" आता प्रत्येक शिंपल्यात घरच्या एरंडेलाचे चार थेंब आणि कापसाची वात. शिंपल्याची आतली बाजू गुळगुळीत, चांदीसारखी. ज्योत बारीक असली तरी तिच्यामागं शिंपला उजळून निघतो. हेही तिला शिकवलं होतं ते कुणी, हे सांगायला नको.

दारावर शेजाऱ्यांच्या रानातून मागून आणलेले तुरीचे फुललेले डहाळे बांधले, मधून मधून ज्वारीची कणसं आणि झेंडू. सखुबाई मागं सरून बघत होती, तेवढ्यात द्वारकाबाई आली आणि उंबऱ्यावर बसली.

"लई सुंदर केलंस गं, सखू."

थोरल्या जावेनं तोंडावर स्तुती केली तेव्हाच सखुबाईनं हातातला शिंपला खाली ठेवला.

"काय झालं, अक्का? बोला."

"कुठं काय झालं?" द्वारकाबाई पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. "लेकराचं नाव ठेवायचं म्हनून राहिले ते. गोठ्यात बारसं झालंच न्हाई, नाव राहून गेलं. आज त्याचा पहिला दिवा. बिननावाचा कसा वळू?"

"मंग ठेवा की."

"उत्तम ठेवा म्हनतेत."

झोळीतलं लेकरू झोपेत कुरकुरलं. नीलानं जाऊन झोका दिला आणि पाठ करून उभी राहिली. तिला आधीच ठाऊक होतं, हे सखुबाईच्या लक्षात आलं.

जित्या माणसाचं नाव घरातल्या लेकराला कोणी देत नाही. ते द्यायचं ते गेलेल्याचं.

आठ-एक दिवसांपूर्वी लालसिंग गाडीवान हिंगोलीच्या बाजारात उकंडरावांना भेटला होता. नांदेडहून आला होता. तिकडं पावसाळ्यात पटकी झाली, त्यात गोरेगावकडचा एक माणूस गेला, असं त्याच्या कानावर आलं होतं. नाव ठाऊक नव्हतं. लांब मान, कमी बोलणं, आणि बाजारात कागदाचे कंदील करून विकायचा, एवढंच. उकंडराव घरी आले ते जेवलेच नाहीत. द्वारकाबाईनं ते सखुबाईला सांगितलं तेव्हा 'कंदील करून विकायचा' या शब्दांपाशी सखुबाईच्या मनात लख्ख झालं. म्हणजे तो अजून करतोच! इतकी वर्षं कुठं कुठं लोकांच्या दारात उजेड टांगत होता! पुढचं सगळं तिला मागाहून कळलं, घोंगडं अंगावर ओढून घेतल्यावर.

"लालसिंगानं तोंड पायलं का त्यांचं?" तिनं आता विचारलं.

"न्हाई. ऐकलंच त्यानं."

"मंग?"

"मंग काय, सखू? मी काय सांगू? त्यांच्या मनात नीट हाय. भावाचं नाव घरात ऱ्हावं म्हनतेत."

"आन् माझं कपाळ?"

द्वारकाबाईनं खाली मान घालून उंबऱ्यावरची माती झटकली. दहा वर्षं दर नागदिवाळीला नवऱ्याच्या कपाळावरची आठी न बघता तिनं उत्तमरावाचा दिवा वळला होता. पण आज ती आजी होती, पहिल्या नातवाची. सखुबाईला तिचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच राग आला.

एवढ्यात ओसरीवरून उकंडरावांचा आवाज आला. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये एक दार, तेही आता बिनफळीचं. तरी सखुबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि भिंतीआड सरकली. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्यांशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. बोलायचं ते थोरल्या जावेमार्फत. दोघांनाही एकमेकांचं सारं ऐकू यायचं, पण द्वारकाबाईनं पोचवल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, अशी रीत.

"तिला म्हनावं," उकंडराव म्हणाले, "भाऊ माझाबी होता."

"सखू, ते म्हनतेत, त्यांनाबी तकलीफ हाय."

"अक्का, त्यांना सांगा, 'होता' म्हनायची घाई कुनी केली?"

द्वारकाबाईनं ओसरीकडं तोंड केलं. "ती म्हनती, जरा इचार करू द्या."

"तिला म्हनावं, इचार करायला दहा वरसं झाली. त्यानं एक चिठ्ठी टाकली का? सांगावा धाडला का?"

"ते म्हनतेत, तुझ्या मनापरमानं होऊ दे."

"आवं, काहून खोटं सांगून राहिल्या अक्का?" कोठीतून पंचफुलाबाई पीठ चाळत म्हणाली. "समद्या घराला ऐकू येऊन राह्यलं."

"तू गप. तुला कुनी इचारलं?"

"मला कोन इचारतं? पन मीच इचारते." पंचफुलाबाई चाळणी घेऊन दारात आली. आठ दिवसांपूर्वी हीच म्हणाली होती, की असल्या आशेवर किती दिवस बांगड्या भरायच्या. आता तिच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं. "लेकराचं नाव उत्तम ठेवलं, तर हाक कोन मारनार? मी भासऱ्यांचं नाव तोंडानं घेऊ? ही नीला चुलत सासऱ्याचं घेईल? मधल्या बाई तर नवऱ्याचं घ्यायच्याच न्हाईत. म्हंजे लेकरू इहिरीवर चाललं तरी आमी बायकांनी नुसतं 'अवं, अवं' करत पळायचं?"

बाहेर ओसरीवर तातेराव खुदकन हसला आणि थोरल्या भावाकडं बघून लगेच खोकला.

"मी घेते की नाव," द्वारकाबाई म्हणाली. "मी थोरली हाय."

"तुमाला दिसतं का लेकरू इहिरीवर चाललेलं?"

द्वारकाबाईचे डोळे अधू झाले होते. तिनं पदराचं टोक सोडून दिलं. पंचफुलाबाईलाही आपण जास्त बोललो असं वाटलं असावं, तिनं चाळणी तिच्याजवळ ठेवली आणि म्हणाली, "घ्या. पीठ झालं. वळा आता."

दुपार कलल्यावर द्वारकाबाई परातीपुढं बसली. कणकेत हळद घातली होती. उजेडासाठी ती दाराच्या तोंडाशी बसली, तिच्यापलीकडं ओसरीवर उकंडराव, अलीकडं भिंतीआड सखुबाई. भिंतीवर सखुबाईनं काजळानं नाग काढलेले होते.

पहिला गोळा घेतला, अंगठ्यानं खळगा केला, चोच ओढली. "ह्यो यांचा," द्वारकाबाई म्हणाली आणि ओसरीकडं हनुवटी केली. नवऱ्याचं नाव ती तरी कसं घेणार?

दुसऱ्या गोळ्याला तिचे हात थांबले. वयाप्रमाणं दुसरा उत्तमरावाचा. दर वर्षी ती तो न अडखळता वळायची, "उत्तमचा" असं म्हणायची, आणि वर्षातून तेवढ्या एका वेळी सखुबाईला आपल्या नवऱ्याचं नाव घरात ऐकू यायचं. एकदा वळलेला दिवा पुन्हा कणकेत मोडत नाहीत. म्हणून काय ते आताच.

द्वारकाबाईनं तो गोळा बाजूला ठेवला. "तात्याचा," म्हणत तिसरा वळला. मग मुलगा संपतरावाचा, नीलाच्या नवऱ्याचा. मग पंचफुलाबाईच्या पोरांचे. बाजूला ठेवलेला गोळा कोरडा पडायला लागला, त्याला वर भेगा आल्या.

सखुबाई त्या गोळ्याकडं बघत राहिली. तिला खरं काय वाटत होतं, ते तिलाच धड सांगता आलं नसतं. तो आहे असं तिला वाटत होतं का? पटकीचं ऐकल्यापासून रोज सकाळी तिला वाटायचं, आहे; आणि दिवेलागणीला वाटायचं, नाही. कुंकू पुसायचं भय होतंच. पण त्याहूनही एक भय होतं, ते ती कुणाला सांगणार? दिवा वळायचा बंद झाला की हे नाव या घरात पुन्हा कोणी घेणार नाही. आणि त्याच वेळी, चोरटेपणानं, मनाच्या एका कोपऱ्यात ते नाव अंगणातून, गोठ्यातून, माळवदावरून ऐकू येत होतं. उत्तम, भाकर खाऊन जा. उत्तम, बैलं आन. दिवसातून शंभर वेळा. त्या लेकराला ते नाव नको, असं तिला तोंडानं म्हणता येईल, पण मनानं येईना. झोळीतून त्याचा एक पाय बाहेर आला होता, आणि तो एवढासा पाय बघून तिला एकाएकी मोराचा तिसरा पाय आठवला. कमी असण्यापेक्षा जास्तीचा बरा.

"आता लेकराचा," द्वारकाबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. तिनं भेगाळलेला गोळा पाण्याचा हात लावून मऊ केला. "काय म्हनू गं, सखू?"

नीला झोळीजवळून पुढं आली. "आत्याबाई, माझ्या लेकराला दुसरं कुटलंबी नाव ठेवा," ती म्हणाली. सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो हे कळून तिचा चेहरा उतरला, पण ती मागं हटली नाही. "काकूच्या बांगड्या फोडून आनलेलं नाव मला नको."

"नीले!" द्वारकाबाई म्हणाली.

"आसू द्या, अक्का." सखुबाई उठली.

ती भिंतीआडून निघाली आणि दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण पुढं ओढलेला नव्हता. ओसरीवर उकंडराव पाय दुमडून बसले होते. तिनं त्यांना इतक्या जवळून, इतक्या उजेडात कधी पाहिलं नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. उजवा हात मांडीवर पालथा होता.

"दादा," ती म्हणाली.

तातेराव उठून उभाच राहिला. पंचफुलाबाईच्या हातातून वाटी सुटता सुटता वाचली. उकंडरावांनी सवयीनं बायकोकडं पाहिलं, जणू तीच काही बोलली होती. मग हळूहळू त्यांची नजर सखुबाईकडं वळली.

"दादा, लेकराचं नाव ठेवा. मला चालंल. पन दिवे दोन लावा."

"दोन?" उकंडराव थेट तिलाच म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले. "एका नावाचे दोन दिवे कुठं असतेत?"

"आपल्या घरी असतील. मानूस हाय का न्हाई, ते तुमाला ठाव न्हाई, मलाबी न्हाई. लालसिंगालाबी न्हाई. ज्याला ठाव असंल त्यानं त्यांचा दिवा इझवावा. आपून काहून इझवायचा? लेकराचा येगळा वळा, त्यांचा येगळा. कुंकू मी पुसत न्हाई."

"लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील, ह्यांच्या घरी एक जास्ती हाय. कमी तर म्हननार न्हाईत?"

उकंडरावांनी अंगणाकडं पाहिलं. कडब्याची गंजी जिथं असायची तिथं यंदा नुसती जमीन होती. ज्वारी पेरायलाच कोणी नव्हतं. "आन् हाक कोन मारनार लेकराला?" ते शेवटी म्हणाले. "पंचफुला म्हनती ते बराबर हाय."

"मी मारीन."

"तू? नवऱ्याचं नाव घिऊन?"

"लेकराचं नाव घिऊन."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. द्वारकाबाईनं मात्र कुणाला विचारलं नाही. तो गोळा तिनं मधोमध तोडला, परातीतलं थोडं पीठ लावून दोन्ही सारखे केले. "उत्तमचा," म्हणत एक वळला. "आन् उत्तमचा," म्हणत दुसरा. पहिल्याला, उत्तमरावाच्या दिव्याला, चोच थोडी वाकडी आली. अधू डोळे, आणि वर पाणी.

दिवे लागले तेव्हा अंगणात नुकतं निळं पडत होतं. कोनाड्यांतले शिंपले एक एक करून उजळले. पांढऱ्या भिंतींनी तो उजेड धरून ठेवला नाही, साऱ्या माजघरभर केला. तुरीच्या डहाळ्यांच्या सावल्या दारावर हलायला लागल्या. "आपलंच घर हाय व्हय हे?" तातेराव चपला काढता काढता म्हणाला. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. पाटावर काजळाच्या नागासमोर हळदीचे दिवे ओळीनं मांडले होते, वाकड्या चोचीचा दुसरा.

उकंडराव ओसरीवरून उठून आत आले. पाटासमोर बसले. भिंतीवरचे नाग पाहिले, कोनाडे पाहिले. मग सखुबाईकडं न बघता म्हणाले, "ते गाडगं फुटलं का हाय?"

"हाय."

"आन."

तिनं उतरंडीमागून ते काढलं. पदरानं पुसून तिनं ते वाकड्या चोचीच्या दिव्यावर पालथं घातलं. शिंपले ओलांडून, कोनाडे ओलांडून उजेडाचे ठिपके भिंतीवर चढले: झाड, दोन नाग, मोर. काही ठिपके उकंडरावांच्या पागोट्यावर पडले, काही त्यांच्या पालथ्या हातावर. लेकरं किंचाळून नाचायला लागली. द्वारकाबाई डोळे बारीक करून बघत म्हणाली, "मलाबी दिसून राह्यलं गं!"

उकंडराव मान वर करून बघत होते. हे गाडगं त्यांनी पेटलेलं पाहिलं होतं ते एकदाच, गंजीवर. आणि त्या वेळी बघायला सवड नव्हती.

"ह्या मोराला तीन पाय काहून हायत?" त्यांनी विचारलं.

"चुकले ते. फिरवता फिरवता इसरले."

"येडं," उकंडराव म्हणाले. "लहानपनापासून असंच." आणि त्यांनी पागोट्याचं टोक तोंडावर धरलं. खांदे हलत होते. हसत होते का काय, ते पाहायला कुणीही त्यांच्याकडं पाहिलं नाही.

ज्योती निवाल्या. द्वारकाबाईनं प्रत्येकाला त्याचा त्याचा दिवा दिला, वर तूप, गूळ. उत्तमरावाचा दिवा रीतीप्रमाणं सखुबाईच्या ताटात आला. गाडग्याखाली धुरानं तो एका बाजूला काळवंडला होता. तिनं एक तुकडा मोडला. मऊ होता, गोड होता, थोडा करपट.

लेकराच्या दिव्याचा कण नीलानं बोटावर घेतला होता, पण लेकरू जागं झालं आणि झोळीत रडायला लागलं. सगळ्यांची तोंडं भरलेली. पंचफुलाबाईनं सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तिला आठवलं. ती सखुबाईकडं बघत राहिली. नीलाही. उठायचं सोडून साऱ्या बायका सखुबाईकडं बघत राहिल्या.

सखुबाईनं घास गिळला. हे नाव तिनं मोठ्यानं घेतलं होतं ते फक्त लग्नात, उखाण्यात, चार बायकांनी अडवून धरल्यावर. ते तिच्या जिभेला जड लागेल असं तिला वाटलं होतं.

"उत्तम," तिनं हाक मारली. "उत्तम, आले रे बाबा."

आवाज घरभर गेला, बिनफळीच्या दारातून बाहेर अंगणात गेला. तातेराव, द्वारकाबाई, लेकरं, सगळी झोळीकडं वळली.

उकंडरावांनी मात्र घास हातात धरून बाहेरच्या दाराकडं पाहिलं.